डाग काढलेली बाग

ऋतुजाच्या हाताला गुण आहे, असं सात रस्ता चौकातली फोटोवाली मंडळी म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. हजारो फोटो एकामागे एक जोडून ती एक अख्खा ऋतू मिनिटभरात सरकवून दाखवायची आणि बघणाऱ्याला कुठे खटकायचं नाही. खोड एकच. तिचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि ते सोडायचं ती नाव घेत नव्हती. नव्या कॅमेऱ्याच्या कच्च्या, रॉ फाइली त्यात उघडायच्याच नाहीत. मग आधी त्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून बदलून घ्यायच्या आणि मगच कामाला बसायचं. स्टुडिओतला भागीदार अजिंक्य यावर रोज वैतागायचा.

"अगं, नवीन घे की. जग कुठल्या कुठे गेलं."

"जाऊ दे की. मला यातच नीट दिसतं."

यंदाचं काम सांगोल्याचं होतं. बजाबाईंच्या डाळिंबाच्या बागेचा, कळीपासून तोडणीपर्यंतचा सगळा बहार एका छोट्या फिल्ममध्ये पकडायचा. बाग लहानशी, उतारावरची. बाईंनी ती एकटीच्या हिमतीवर, टँकरचं पाणी घालून जगवली होती आणि ऋतुजाला त्यांचं मनापासून कौतुक होतं. खांबावरच्या पेटीतला कॅमेरा तासातासाला फोटो काढायचा आणि मोबाइलच्या नेटवरून तो थेट स्टुडिओत यायचा.

फळं भरात आली आणि बजाबाईंचा फोन आला.

"कॅमेऱ्याम्होरच्या फळाला काळा डाग पडलाय बघ. तेल्या हाय ह्यो. आता बाग ऱ्हात न्हाय, पोरी."

तेल्या रोग एका फळावर थांबत नाही, अख्खी बाग खातो, हे ऋतुजालाही ठाऊक होतं. तिला फार वाईट वाटलं. निदान फिल्ममध्ये तरी बाग धड दिसावी म्हणून तिने फोटोतल्या डागावर वर्तुळ ठेवलं. प्रोग्रॅमने शेजारची चांगली साल उचलून तिथे बसवली. तेच वर्तुळ पुढच्या प्रत्येक फोटोला आपोआप लागेल अशी तिने सोय करून टाकली. काम इतकं सफाईदार झालं की डाग कुठे होता ते तिलाच शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बजाबाई फोनवर म्हणाल्या, "डाग गेला की गं."

"औषध लागू पडलं असेल, मावशी."

"फवारलंच न्हाय अजून."

ऋतुजा एसटीने सांगोल्याला गेली. बाकीच्या फळांवर तेलकट डाग वाढत होते, ते एकच फळ नितळ होतं. तिने ते हातात धरून फिरवलं. देठाजवळ सालीवर एक बारीक ओरखडा होता. आणि खाली, जिथे डाग होता तिथे, हुबेहूब तोच ओरखडा पुन्हा उमटला होता.

तिने झटकन हात काढून घेतला. बजाबाई मात्र शांत होत्या.

"तुज्या हातात काय हाय ते मी इचारत न्हाय. पर समद्या बागंचं कर."

तिने खांब मागे सरकवून सगळी बाग चौकटीत घेतली आणि स्टुडिओत परतून कामाला लागली. जसे डाग पडत तशी ती वर्तुळं ठेवत गेली. चौकटभर वर्तुळं झाली. तिकडे बाग सुधारत गेली, शेजारपाजारचे येऊन बघून जाऊ लागले. ऋतुजाला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटत होता.

तोडणीच्या दिवशी सकाळी जुना प्रोग्रॅम उघडेचना. अजिंक्यने भल्या मनाने नवा बसवून दिला. नव्या प्रोग्रॅमने सगळे फोटो आत घेतले आणि एक सूचना दाखवली. जुनी दुरुस्ती एक तर सगळी ठेवा, नाहीतर सगळी काढा. एकेक बदलता येणार नाही. ऋतुजाने सगळी ठेवली.

तेवढ्यात नवा फोटो आला. बजाबाई तोडणीची टोपली घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या होत्या आणि हसून बघत होत्या. ऋतुजाने फोटो मोठा केला.

डाव्या डोळ्याच्या जागी गालाची कातडी होती. सपाट, स्वच्छ.

वर्तुळ फळाला लावलेलं नव्हतं. फोटोतल्या त्या जागेला लावलेलं होतं.

तिने फोन लावला.

"मावशी, तुमचा डोळा..."

"व्हय. आत्ताच. दुखत न्हाय. हात लावला तर डोळाच न्हाय तितं."

"मी सगळं काढून टाकते. डोळा येईल परत. पण मग डागही येतील."

"समद्या बागंवर?"

"सगळ्या."

पलीकडे कात्रीने एक देठ कापल्याचा आवाज आला.

"मग ऱ्हाऊ दे. एक हाय की."

"निदान कॅमेरा बंद करा."

"आन् बंद केल्यावर डाग आलं तर? तोडणी व्हईस्तवर चालू दे."

"अहो, तोडणीला माणसं येतील ना. ती पण त्याच जागांवरून फिरणार."

"त्यांना माघारी धाडते," बजाबाई म्हणाल्या. "मी एकटीच तोडते समदी." आणि त्यांनी फोन ठेवला. ऋतुजाने पुन्हा लावला. उचलला गेला नाही.

तिने 'सगळी काढा'वर बाण नेला. तिथेच ठेवला. दाबलं नाही.

तासाभराने पुढचा फोटो आला. बजाबाई दुसऱ्या ओळीत पोचल्या होत्या. टोपली शिगोशीग भरलेली, एकेक फळ नितळ, देखणं.

टोपली धरलेल्या हाताची बोटं ऋतुजाने दोनदा मोजली.