खरखरीतून आलेली भाषा

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर एक अनोळखी माणूस आमच्या कपड्यांच्या तारेला चिमटा लावत होता. चिमट्याला वायर होती आणि वायरचं दुसरं टोक साबणाच्या वडीएवढ्या रेडिओत.

"ओ... ती आमची तार आहे!"

"छान आहे हो," तो म्हणाला. "लांब आणि उंचावर. हिच्यावर समुद्रापलीकडची स्टेशनं लागतात."

हा तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला लिफ्टवाला – लिफ्ट दुरुस्त करणारा. रेडिओ अगदी स्वस्तातला, झाकणाला रबरबँड लावलेला.

"चांगला रेडिओ घ्या की एखादा."

"महागड्यावर कुणालाही लागतं. यावर लावून दाखवा!"

मी नर्स. परदेशातल्या रुग्णालयात माझी निवड झाली होती. पण तिथल्या भाषेच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते. वाचलेलं कळायचं, ऐकलेलं डोक्यावरून जायचं. हे त्याला का सांगितलं, कोण जाणे. त्याने देश विचारला आणि चकती केसाकेसाने फिरवू लागला. खरखर... शिट्टी... आणि एक बाई सावकाश, स्वच्छ उच्चारात बातम्या सांगू लागली. त्याच भाषेत!

"शिकणाऱ्यांसाठी असतं हे. रोज साडेसहाला," तो म्हणाला. "उद्या येणार?"

गेले. परवाही गेले. तो रेडिओ धरायचा, मी वही. आवाज दूर जायला लागला की आम्ही दोघंही त्या वडीएवढ्या रेडिओवर वाकायचो, आणि मग बातमी कुणाच्या लक्षात राहणार? पंधरा दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"एवढ्याशा रेडिओला दोन-दोन माणसं लागतात होय?" आत्याने विचारलंच. मला वाढवलेली आत्या. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

दोन महिन्यांनी परीक्षा पास झाले. धावत गच्चीवर जाऊन सांगितलं. तो हसला, पण तारेवरचा चिमटा सोडवताना त्याचे हात उगाच रेंगाळले.

"झालं तर मग... आता जाशील."

"तीन आठवड्यांनी."

"बरं झालं." मग खाली बघत तो त्या भाषेत एक अख्खं वाक्य बोलला – तू गेल्यावर मला करमणार नाही. व्याकरण साफ चुकलेलं.

"तू कधी शिकलास?"

"तू वहीत लिहायचीस तेव्हा मी काय झोपा काढत होतो?"

"पण तुला कशाला हवी होती ती भाषा?"

"लिफ्ट काय... तिथेही बंद पडत असतील ना?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "क्रियापद चुकलं तुझं," मी म्हणाले. "आणि मलाही करमणार नाही. चल, आत्याशी बोल."

आत्याने त्याला तासभर उलटसुलट तपासलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "जायच्या आधी लग्न उरकून टाका."

निघायच्या चार दिवस आधी लग्न झालं. मी पुढे गेले; त्याच्या कागदपत्रांना आठ महिने लागले. तो आला तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्याला भराभरा काहीतरी विचारलं, आणि हा नुसता बघत राहिला. काचेपलीकडून मी हातवारे करत होते.

बाहेर येताच तो म्हणाला, "अगं, इथे सगळे इतकं भरभर बोलतात?"

"सवय होईल," मी म्हणाले आणि त्याची बॅग उचलली.