देवरावच्या नकाशातली खिडकी

यवतमाळहून नेरला निघालेल्या एस.टी.नं पहिल्याच खड्ड्यात असा हिसका दिला, की देवरावच्या हातातली कागदाची लांबलचक गुंडाळी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या अंबाड्यात घुसली. शेवंतीचं फूल उडून थेट खिडकीबाहेर!

"अहो! गाडीत बांबू घेऊन कायले बसता?"

"बांबू नाही जी… नकाशा आहे. नेरच्या नव्या वाचनालयाचा."

"मंग ते माह्या डोक्यात बांधता काय?"

अख्खी गाडी हसली. देवराव कानापर्यंत लाल झाला.

एकसष्ट साल होतं ते. ती मुलगी, नलू, नेरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती, आणि देवराव नागपूरहून ओव्हरसियरची, म्हणजे बांधकामावरच्या देखरेखीची, परीक्षा पास होऊन नुकताच आलेला. वाचनालय हे त्याचं पहिलंच काम. दोघांच्याही घरांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेली, हे नेर यायच्या आत कळलं. मग काय, बोलायला रस्ता कमी पडला.

पुढं देवरावला शाळेत यायला रोज नवं कारण सापडू लागलं. बाकं केवढी उंच ठेवू? व्हरांडा कुठल्या बाजूला काढू? नलू ऐटीत सांगायची, "पोरींचे पाय भुईला टेकले पायजेत. अन् व्हरांडा पश्चिमेला. आपल्याकडचं ऊन माहीत नाही काय तुमाले?" तो मान डोलवायचा. आता खरं सांगायचं तर, एवढं काही त्याला कळत नव्हतं असं नाही!

बाजाराकडं जाणाऱ्या बैलगाड्यांतून कापूस उडून यायचा. एकदा तो तिच्या केसांत अडकला.

"तुमच्या केसांत… कापूस…"

"मंग काढा ना. का त्यालेही नकाशाच पायजे?"

त्यानं काढला. आणि फेकून न देता खिशात ठेवला, ते तिनं बघितलंही. त्या दिवसांची आठवण निघाली की वाटतं, माणसं तेव्हा एवढ्यावरच किती दिवस खुशीत राहायची!

वाचनालय समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी देवरावनं वर्गातल्या टेबलावर पुरा नकाशा पसरला. नलू कौतुकानं बघत होती. एकाएकी तिचं बोट थांबलं.

"दाराच्या बाजूले ही एवढीशी खिडकी कायची?"

"पुस्तकं द्याची."

"कोणाले?"

"लोकायले. वाचनालयाले असतेच ना…"

"लोक दारातून आत नाही येत काय?"

देवराव नकाशावर बोट ठेवून सांगू लागला. लहानपणी त्याच्या गावी त्याला पुस्तक मिळायचं ते खिडकीतून. तो बाहेर बोळात ओंजळ करून उभा राहायचा, आतला माणूस वरून पुस्तक टाकायचा. त्याच्या जातीच्या पोराला आत पाऊल ठेवायची सोय नव्हती. आता नव्या वाचनालयात खिडकी काढ, असं त्याला कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्या हातानं ती आपसूक काढली होती.

"आमच्याही गावी होती," नलू हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"पण बबनरावायले नकाशा पसंत पडला," तो कसाबसा म्हणाला. बबनराव म्हणजे समितीचे अध्यक्ष. "खिडकी काढून टाका म्हटलं तर काहून ते विचारतीन. चारचौघांत सारं सांगा लागन… मले लाज वाटते, नलू."

"तुमाले? लाज त्या वरून पुस्तक टाकणाऱ्याले वाटाले पायजे!" ती ताडकन उठली. "मी त्या खिडकीशी उभी राहणार नाही, देवराव. पुस्तकासाठी नाही… अन् तुमच्यासाठीही नाही."

दुसऱ्या दिवशी बैठकीत देवराव उभा राहिला. "ही खिडकी माही चूक आहे," तो म्हणाला, आणि बोळ, ओंजळ, सगळं सांगून मोकळा झाला. एकजण पुटपुटला, की नकाशा पुन्हा मंजुरीला यवतमाळला पाठवावा लागेल, काम लांबेल.

बबनरावांनी टेबलावरची पेन्सिल देवरावपुढं सरकवली. "लांबू द्या," ते म्हणाले. "खोडा ती."

शाळेच्या फाटकाशी नलू उगाचच कुलूप चाचपत उभी होती.

"खिडकी गेली," धापा टाकत देवराव म्हणाला. "अन् दार रुंद केलं. दोन माणसं जोडीनं जातीन एवढं."

"जोडीनं?"

"हो… एक मी आहे."

"अन् दुसरं कोण, तेही बैठकीत ठरवता काय?" म्हणत ती हसली, रडलीही, आणि तिनं त्याचा हात धरला. भर रस्त्यात, एकसष्ट साली!

उद्घाटनापर्यंत त्यांचं लग्न होऊन गेलं होतं. नव्याकोऱ्या दाराशी आल्यावर देवरावचे पाय अडखळले. इतकी वर्षं बाहेर थांबायची सवय, ती काय अशी सुटते?

"तू हो पुढं," तो म्हणाला.

"कायले? संगच जाऊ."

आणि सगळ्या गावादेखत, आत पाऊल टाकताना, देवरावला रडू आलं.