काळी पूड नापास

"माझी पूड कुणीतरी बिघडवली," संशोधक बाई दारातूनच म्हणाल्या. "आधीच्या चाचणीत ती नापास झाली, आणि परवा शेवटची चाचणी आहे."

गुप्तहेर वहिनींनी त्यांना बसवलं. वहिनींचे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांचे सहायक होते. वहिनी विचार करत आणि भाऊजी दमत.

बाईंच्या माहेरच्या विहिरीत शिसं उतरलं होतं. त्या लहान असतानाच विहीर बंद झाली, गाव पांगलं. आता बाईंनी लोखंडाची काळी, पिठाहून बारीक पूड बनवली होती. पाण्यातलं शिसं तिला चिकटे. मग बाटलीला चुंबक लावलं की पूड बाजूला खेचली जाई आणि स्वच्छ पाणी ओतून घेता येई. चाचणी पास झाली, तर गावात यंत्र बसणार होतं आणि ते चालवायला बाई तिथेच राहणार होत्या.

"त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे हो!"

"शिशाची?" भाऊजींनी विचारलं. वहिनींनी नुसतं पाहिलं.

प्रयोगशाळेत चुंबकाशेजारी पाटी होती : 'किल्ल्या दूर ठेवा.' भाऊजी कमरेला लोखंडी किल्ल्यांचा जुडगा लावून नेमके चुंबकाला टेकले, जांभई दिली आणि सरळ चालत परत आले.

"चुंबक किती वेळ धरता?" वहिनींनी विचारलं.

"आईचं एक गाणं गुणगुणून होईपर्यंत. डोळे मिटून. मग ओतते. बाटली तपासणीला जाते, तिथे आधी आम्ल घालतात."

नापास बाटलीतलं पाणी उजेडात फिकट चहासारखं दिसत होतं.

"बघा, पूड बिघडून रंग सुटलाय," बाई म्हणाल्या.

वहिनींनी प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारलं, तसे ते चिडले. "मी पूड बिघडवीन? अहो, मला ती पूड वाळवायची भट्टीसुद्धा पेटवता येत नाही. काल डबा गरम करायला गेलो आणि थंडच खाल्ला."

मग आला भट्टीवाला, म्हणजे बाईंचा नवरा. "पूड मीच वाळवतो, मी कशाला बिघडवू? उगाच रडतेय ही. नवीन चुंबक आणा, सगळं नीट होईल."

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"पूड निर्दोष आहे. भाऊजींच्या किल्ल्या चुंबकाने ओढल्याच नाहीत. असं चुंबक भट्टीत तापलं की त्याचा जोर जातो. त्यामुळे गाणं संपलं तरी थोडी पूड पाण्यातच राहिली, तोच तो चहाचा रंग. बाईंचे डोळे मिटलेले. ती पूड शिशासकट ओतली गेली आणि आम्लाने शिसं पुन्हा सुटलं. साहेबांना भट्टी येत नाही. आणि सगळे पूड-पूड करत असताना चुंबकाचं नाव एकट्याने काढलं."

"हो, भाजलं मी," नवरा म्हणाला.

"का रे?" बाईंचा आवाज अगदी लहान झाला.

"तू गेल्यावर मी भांडू कोणाशी? तोंडाने अडवलं असतं तर तू थांबली असतीस, आणि जन्मभर त्या गावाकडे तोंड करून बसली असतीस. म्हटलं, चुंबकालाच अडवू दे."

"साहेब, नवीन चुंबक?" वहिनींनी विचारलं.

"उद्या येईल."

"मग परवा मी पास होणार, आणि जाणार," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"माहीत आहे. तिथे भट्टीवाला लागेल का?"

"लागेल. पण आधी मला एकटीला ते पाणी पिऊ दे. मग कळवते."

"बरं," तो म्हणाला. "मी घरीच आहे."

भाऊजी हुंदके देऊ लागले. गुन्हेगाराने त्यांना आपला रुमाल दिला.