झोळीचा शेवटचा टाका

धाकटा दुपारी दुकानात आला, तेव्हा मी एका ट्रकच्या ताडपत्रीला कडा घालत होते. म्हणाला, आई, दाभण आणि मेणाचा दोरा घे आणि चल, तुझे हात हवेत. मी विचारलं, मग बाकीची मी कुठे ठेवू? तर हसून म्हणतो, बाकीची तू कॅमेऱ्याबाहेर बसव.

त्याचा धंदाच तसा. जुन्या, शिडांच्या लढाऊ जहाजांवर तो माहितीपट करतो. माझी सून म्हणते, ह्यांना स्वयंपाकघरातला गळका नळ वर्षभर दिसत नाही, पण दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या जहाजाला कुठे भोक पडलं ते झोपेत विचारलं तरी सांगतील. ती बोलते आणि त्याचा डबाही भरून देते. चाललंय आपलं.

बंदरावर असं एक लाकडी जहाज जपून ठेवलंय. कधीकाळी लढाईला जायचं, आता कोरड्या गोदीत लाकडाच्या टेकूंवर उभं असतं. खाली पाण्याचा थेंब नाही. लोक तिकीट काढून बघायला येतात. सुट्टीच्या दिवशी ते बंद, म्हणून धाकट्याचं शूटिंग त्या दिवशी.

शिडीने खाली उतरले, तर बाहेरचं ऊन तिथेच संपलं. छत इतकं बुटकं की मान वाकवूनच चालायचं. डांबराचा, जुन्या लाकडाचा आणि कुबट दोरखंडांचा वास. दोन्ही बाजूंना तोफा, आणि तोफांच्या मधल्या जागेत छताला आकडे. खलाशी त्या आकड्यांना कापडी झोळ्या बांधून झोपायचे. माणसाला जागा म्हणाल तर खांद्याएवढी.

तिथला रखवालदार माझ्याच वयाचा. सगळा जन्म पाण्यावर काढलेला, आता गुडघ्यांनी जमिनीवर आणून बसवलेला. मला काय शिवायचंय ते त्यानेच सांगितलं. समुद्रावर माणूस मेला की त्याला त्याच्याच झोळीत गुंडाळत. पायाशी दोन तोफगोळे ठेवत. शिडं शिवणारा माणूस पायाकडून वर शिवत यायचा, आणि शेवटचा टाका प्रेताच्या नाकातून घ्यायचा. मग पाण्यात सोडायचं.

मी विचारलं, नाकातून कशाला?

"जिवंत असेल तर ओरडेल ना, बाई."

मला वाटलं संपलं. पण तो दिव्याची वात सारखी करता करता हळूच म्हणाला, "आणि नाही ओरडला, तर त्यालाही कळतं… आपण आता जहाजावरचे नाही."

कॅमेरेवाल्याने माझे हात दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिले. घट्टे, चिरा, वाकडी झालेली बोटं. म्हणाला, आजी, अगदी पुरुषी हात आहेत हो तुमचे. इतकं कौतुक माझ्या नवऱ्यानेही कधी केलं नव्हतं.

नवीन कापड दिव्याखाली फारच पांढरं दिसायला लागलं. म्हणून धाकट्याने स्वतःची झोळी काढून आणली. खलाशी कसे झोपत ते कळावं म्हणून हा कित्येक रात्री त्या जहाजावर, त्याच झोळीत झोपला होता. कापड घामाने पिवळं झालेलं, मधोमध त्याच्या पाठीचा खळगा पडलेला. रखवालदार म्हणाला, दुसरी घ्या. धाकटा म्हणाला, दुसरी इतकी खरी दिसत नाही. रखवालदार जरा लांब जाऊन उभा राहिला.

काम दोन तुकड्यांत होतं. आधी धाकटा स्वतः झोळीत निजणार, मी हनुवटीपर्यंत शिवायचं, म्हणजे मेलेल्या खलाशाचा चेहरा म्हणून त्याचा चेहरा घेता येईल. मग तो बाहेर येणार, त्याच झोळीत काथ्या भरलेला पुतळा जाणार, आणि नाकातला टाका मी पुतळ्याच्या नाकातून घ्यायचा. नंतर एडिटिंगच्या मशीनवर दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडले की बघणाऱ्याला वाटणार, दाभण त्याच माणसाच्या नाकातून गेली.

मी शिवायला बसले. जाड कापडातून दाभण जाताना टच्च वाजते आणि मागून दोरा सरसरतो. दुसरा आवाज नव्हता. धाकट्याने डोळे मिटले होते आणि श्वास धरला होता. झोपलेलं पोर आईने काय कमी वेळा पाहिलेलं असतं? पण त्या दिव्यात मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी आपली टाक्यांकडे बघत राहिले. हनुवटीशी आले, तसं कॅमेरेवाल्याने पुरे म्हटलं. मी भराभर टाके कापले.

धाकटा उठून बसला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, आतून मस्त ऐकू येतं, खाली पाणी कसं लाकडाला लागतंय. कॅमेरेवाला म्हणाला, खाली पाणी नाही, माझी सायकल आहे. सगळे हसले. रखवालदार हसला नाही.

मग पुतळा घातला. पायाशी गोळे ठेवले, नवा दोरा ओवला, खालून वर शिवत आले आणि कापडी नाकातून शेवटचा टाका घेऊन गाठ मारली. पुतळ्याच्या नाकाला काय होणार. मी दाभण पुसली आणि घरी आले.

चार दिवस काहीच झालं नाही. हे नीट लक्षात घ्या. टाका घातला तेव्हा त्याला काही झालं नाही. झालं ते त्याने तुकडे जोडले त्या दिवशी.

जोड जमला म्हणून मोठ्या हौसेने त्याने मला आणि सुनेला खोलीत बोलावलं. पडद्यावर त्याचा चेहरा, डोळे मिटलेले. माझे हात वर सरकत येतात. दाभण येते. नाकातून जाते. गाठ. मी पुन्हा दाखवायला सांगितलं. उभा जन्म मी कापडाला कापड जोडलंय, सांधा कुठे ते मला अंधारात बोटाने कळतं. पण तिथे सांधा सापडेना. त्याचं नाक कधी संपलं आणि पुतळ्याचं कधी सुरू झालं, काही कळेना.

"दिसत नाही ना जोड?" तो खूश होऊन म्हणाला.

त्याच संध्याकाळी सुनेने गॅसवर दूध ठेवलं आणि ह्याला लक्ष ठेवायला सांगून ती मला घेऊन शेजारी गेली. आम्ही आलो तर घरभर धूर. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं झालेलं, आणि हा गॅसच्या शेजारी बसून जहाजांचे फोटो बघतोय. सून चिडली. म्हणाली, नाक गहाण टाकलंय का? तो म्हणाला, कसला वास?

सर्दी म्हणून सोडून दिलं. पण सर्दी नव्हती. नाक मोकळं, फक्त वास येईना. मग नाकातून श्वासही येईना, तोंड उघडं ठेवून बसायला लागला. नाकाच्या मधल्या पडद्याला दोन्हीकडून एकेक ठिपका दिसायचा, टाचणीएवढा. रक्त नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं, म्हणाले सगळं व्यवस्थित आहे.

मग पाय. जिना चढेना. म्हणाला, आई, पायांना काहीतरी बांधल्यासारखं जड लागतंय. सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, की ते झोपतात ते सरळ, हात अंगाला चिकटवून, पाय जुळवून. कूस बदलत नाहीत. आणि सकाळी पायाशी गादी ओली असते. "आई, मी बोट लावून जिभेवर ठेवलं… खारट होतं."

मी धाकट्याजवळ बसले. म्हटलं, बाळा, तो जोड उसव. माझ्यासाठी उसव. तो तोंडाने श्वास घेत थांबत थांबत म्हणाला, अगं, तो काथ्याचा पुतळा आहे. उद्या बोटीवरून पाण्यात सोडायचा शॉट घेतला, की फिल्म पुरी झाली. मग झोपेन आठवडाभर.

उद्या ती झोळी पाण्यात जाणार. पायाशी गोळे बांधलेली, नाक शिवलेली, त्याच्या घामाची झोळी.

मी सुनेला म्हटलं, त्याच्याजवळून हलू नकोस. पिशवीत कात्री टाकली आणि बंदरावर गेले.

ऊन होतं. तिकिटाचे लोक बाहेर पडत होते, त्यांची पोरं तोफांचे आवाज काढत होती. रखवालदाराने मला पाहिलं, हातात कंदील दिला आणि वरचं दार धरून उभा राहिला.

झोळी दोन तोफांच्या मध्ये ठेवलेली होती. मी शेजारी गुडघे टेकले. सगळं कापड कोरडं, फक्त नाकावर रुपयाएवढा ओला डाग. मी हात ठेवला… तिथे ऊब होती. काथ्याला ऊब नसते.

गाठ कापली. दोरा ओढला, तर येईना. कापडात अडकलेला दोरा कसा येतो ते मला माहीत आहे, तो खरखरतो, झटक्याने सुटतो. हा तसा नव्हता. मांसाने धरावा तसा पुतळ्याने तो धरला होता. मी हळूहळू, जखमेतला काढावा तसा काढत राहिले, तोंडाने पोराचं लहानपणचं नाव घेत. शेवटी निघाला. आणि त्या भोकातून वास आला. समुद्राचा नाही, डांबराचा नाही. करपलेल्या दुधाचा… मग आमच्या अंघोळीच्या साबणाचा, सुनेच्या फोडणीचा, डॉक्टरांच्या दवाखान्याचा. इतक्या दिवसांत त्याला न आलेले सगळे वास, एकामागून एक.

मग काहीच नाही. हाताखाली नुसता काथ्या, गार.

शिडी चढून वर आले तोवर फोन वाजला. सून रडत होती आणि हसतही होती. ते उठून स्वयंपाकघरात आले, म्हणाली. नाक वर करून विचारतायत, कांदा परततेयस का.

दुसऱ्या दिवशी रखवालदारासोबत मीही बोटीवर गेले. धाकट्याला शॉट हवाच होता, आणि मी अडवलं नाही, कारण आता त्यात त्याचं काही उरलं नव्हतं. तो चार वेळा म्हणाला, डिझेलचा किती घाण वास येतोय, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. झोळीचं तोंड मी उघडंच ठेवलं होतं. कॅमेरेवाला म्हणाला, इतक्या लांबून नाही दिसत, आजी. बंदरात काही टाकायला बंदी, म्हणून झोळीला लांब दोर बांधलेला, शॉट झाला की वर ओढायची.

सोडली. पाणी फुटलं, बुडबुडे आले, छान दिसलं म्हणे. ओढायला लागले, तर दोघांना येईना. रखवालदाराने हात लावला, मीही लावला, तेव्हा कुठे ती काठावर आली. टाकताना ती दोघांनी हसत उचलली होती.

कॅमेरेवाला म्हणाला, "आजी, तुम्ही परत कधी शिवलंत?"

झोळीचं तोंड बंद होतं. नाकातून टाका घेतलेला. माझे टाके उजवीकडे झुकतात, हा डावीकडे झुकत होता. बारीक, घट्ट, एका ओढीचा. दोरा मेणाचा नव्हता, डांबर लावलेला काळा दोरा होता.

मी आधी पोराकडे पाहिलं. त्याने नाकाला हात लावला, जोरात श्वास घेतला, सोडला. मान हलवली. त्याला काही होत नव्हतं.

"मग हा कोण…" तो म्हणाला, आणि त्याने कात्रीसाठी माझ्याकडे हात केला.

रखवालदाराने तो हात धरून खाली केला. "उघडू नका. हा आपल्यातला नाही." त्याने झोळीला पाय लावला आणि ती पाण्यात ढकलली. दोराचं बोटीकडचं टोकही सोडून दिलं. बंदीचं कोणी काही बोललं नाही.

बंदरात त्या जागी पाणी फार खोल नाही. दोन माणसं एकावर एक उभी राहतील, इतकंच. झोळी तळाला लागल्याचं आम्हाला कळलं, कारण दोर सैल पडला. बोटीत त्याचं मोठं वेटोळं अजून तसंच उरलं होतं.

मग ते हलायला लागलं. बुडणाऱ्या ओझ्याचा दोर सुटतो तो एका दमात, भरकन. हा हातभर जायचा, थांबायचा. हातभर जायचा, थांबायचा. आम्ही चौघंही बघत होतो. सगळा दोर पाण्यात जाईपर्यंत तो तसाच जात राहिला… एका हातानंतर दुसरा हात टाकत, खालून कोणी ओढून घ्यावा तसा.