दोरी धरणारा

हेमराजला खिडकीचं दुखणं आवाजावरून कळायचं. शिट्टी वाजते म्हणजे फट, खडखडते म्हणजे चौकट तिरकी. दुपारी तीनला तो उधन्याहून स्कूटरवर फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या नळ्या घेऊन निघाला. बिल्डरच्या माणसानं तक्रार आलेल्या इमारतीचं नाव सांगितलं, तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की लोक ‘का?’ विचारतात, आणि तो प्रश्न हेमराज आठ महिने चुकवत होता.

सातवा मजला. इथल्याच बेडरूमची प्लास्टिक-चौकटीची खिडकी बसवताना त्याचा जोडीदार धुडकू बाहेरच्या छज्ज्यावरून पडला होता. “मी खाली सामान आणायला गेलो होतो, तो एकटाच बाहेर उतरला,” असं हेमराजनं पोलिसांना सांगितलं, धुडकूची बायको सुंदरा, तिलाही सांगितलं. खरं म्हणजे धुडकूच्या कमरेची दोरी हेमराजच्याच हातात होती. फोन वाजला. “बोल बोल, हातमा काहीच नही,” म्हणत त्यानं ती खाली ठेवली होती.

दार उषाताईंनी उघडलं. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच.

“या हेमराजभाऊ. दोरी आणलीत ना?”

तो उंबऱ्यातच थबकला. “दोरीचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सकाळी तुमचा माणूस येऊन गेला की. म्हणाला, काम बाहेरून आहे, हेमराजभाऊ आले की पुरं होईल.”

“मी कोणाला पाठवलं नाही, ताई.”

“मग मला तुमचं नाव कसं कळलं?” त्या सरळ म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

हेमराजच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई सुंदराच्या ओळखीची तर नाही? गोड बोलून आपल्याकडून खरं काढून घ्यायचा डाव असेल. तो सरळ कामाला लागला.

त्यानं अगरबत्ती पेटवून चौकटीच्या कडेनं फिरवली. वारा कुठून शिरतो ते धूर सांगतो. तिन्ही बाजूंना धूर सरळ वर गेला. खाली, उजव्या कोपऱ्यात मात्र तो एकदम आत ढकलला गेला आणि हेमराजच्या तोंडावर आला. लेव्हल बरोबर होती, स्क्रू घट्ट होते. दोष बाहेरच्या सिलिकॉनचा होता.

सरकता पल्ला उघडून त्यानं मान बाहेर काढली. बाहेर ताजं सिलिकॉन होतं, बोटाला चिकटत होतं. कोणीतरी ते बोटानं ओढून सारखं केलं होतं, आणि त्या पट्टीत मधोमध दोन बारीक रेघा होत्या. धुडकूच्या बोटाचं पेर पूर्वी यंत्रमागावर कापलं गेलं होतं. त्या थोट्या बोटाखाली नेहमी अशाच दोन रेघा उमटायच्या... उजव्या कोपऱ्यात तेवढी वीतभर जागा कोरी होती. पडला त्या दिवशी धुडकू तिथपर्यंतच पोचला होता.

हेमराजनं स्वतःला बजावलं, कोणीतरी मुद्दाम केलंय. मला घाबरवायला. आपण पळालो तर सगळं कबूलच केलं म्हणायचं.

“मी धरू का दोरी?” उषाताई मागे उभ्या होत्या.

“नको! हात लावू नका... तुम्ही बाहेर थांबा.”

त्यांना बाहेर काढून त्यानं बेडरूमची कडी आतून लावली. पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. दोरीचं टोक त्यानं लाकडी पलंगाच्या पायाला बांधलं, तीन गाठी मारल्या, सगळं वजन टाकून ओढून पाहिलं. फोन गादीवर ठेवला. मग दुसरं टोक कमरेला बांधून तो छज्ज्यावर उतरला.

कोरी वीत भरायला किती वेळ लागतो? त्यानं फटीत सिलिकॉन सोडलं आणि बोट ओढलं. खाली गाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. त्यानं दोरी चाचपली. घट्ट होती. पण ती मधूनच किंचित सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची, जशी हातात धरलेली दोरी होते.

“कोण आहे... आत कोण आहे?”

गादीवरचा फोन वाजला. एकदा, दोनदा. मग कोणीतरी तो उचलला.

“बोल बोल,” धुडकूचा आवाज शांतपणे म्हणाला, “हातमा काहीच नही.”