तेल चढाकडे गेलं

हडपसरचा तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. गाड्यांचं वापरलेलं, काळं पडलेलं इंजिन ऑइल तिथे शुद्ध केलं जायचं. आता त्या जागेवर इमारती उठणार होत्या. त्याआधी जमिनीत आणि भूजलात किती तेल मुरलंय, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं. मी भूजलाची अभ्यासक. ठिकठिकाणी बोअर घ्यायच्या, माती-पाण्याचे नमुने काढायचे आणि तेल कुठून कुठे सरकतंय ते नकाशावर मांडायचं, एवढंच माझं काम.

जमिनीचा उतार उत्तरेला, नदीकडे. तेल पाण्यावर तरंगतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. पण उत्तरेच्या सगळ्या बोअरमध्ये पाणी स्वच्छ निघालं. तेल सापडलं दक्षिणेला, चढावर, कुंपणाबाहेरच्या एकाच घराच्या बोअरमध्ये. शेजाऱ्यांच्या बोअरला वाससुद्धा नव्हता.

त्या घरात मदिनाबी एकट्या राहायच्या. त्यांनी पंप चालू केला. बादलीत पाण्यावर रंगीत तवंग पसरला आणि गॅरेजमध्ये येतो तसा वास अंगणभर झाला.

“कधीपासून येतंय असं?”

“आमचे हे गेले तेव्हापासून,” त्या म्हणाल्या. “मैनुद्दीन. कारखान्यातली जमिनीखालची टाकी धुवायला उतरले, ते वर आलेच नाहीत. मालक म्हणाले, काम सोडून पळून गेला. आठवड्याभरात टाकीत काँक्रीट भरलं. पोलिसांनी पण मलाच विचारलं, घरी भांडण झालं होतं का म्हणून.”

इतकी वर्षं त्या घर सोडून का गेल्या नाहीत, ते मी विचारलं नाही.

टाकी फोडायला हवी, असा मी हट्ट धरला. बिल्डरचे मॅनेजर दिग्विजय म्हणाले, “मॅडम, आपण तेल शोधायला आलात की माणूस?” तरीही टाकी फोडली. तळापर्यंत नुसतं काँक्रीट. हाडं नाहीत, कापड नाही. तेलाचा एक डागही नाही. इतकी वर्षं तेल साठवलेल्या टाकीला कसलाच वास नव्हता.

ते पाणी पिणं धोक्याचं होतं. मी मदिनाबींना खूप समजावलं. शेवटी त्यांचा मुलगा जुनेद त्यांना कात्रजला आपल्या घरी घेऊन गेला.

महिनाभराने त्याचा फोन आला. “मॅडम, आमच्या सोसायटीच्या बोअरला वास यायला लागलाय.”

कात्रज डोंगराच्या पायथ्याला आहे, हडपसरपासून कितीतरी उंच. पाणी चढ चढत नाही. मी स्वतः नमुना घेतला, प्रयोगशाळेत दोनदा तपासून घेतला. तेल तेच होतं. हडपसरला जाऊन मदिनाबींची जुनी बोअर पाहिली, तर तिथलं पाणी पिण्यालायक झालं होतं.

मी अहवालात सगळं लिहिलं. कात्रज आपल्या कामाच्या हद्दीत येत नाही, असं मला कळवण्यात आलं. हडपसरची जागा स्वच्छ ठरली. बांधकामाला परवानगी मिळाली.

कात्रजला टँकर सुरू झाले. शेजारी जुनेदशी बोलेनासे झाले. “आई आली आणि वास आला,” असं एकाने त्याला जिन्यात ऐकवलं. तो घर बदलायचं म्हणत होता. मी भेटायला गेले, तेव्हा मदिनाबी खाटेवर पडून होत्या. खूप वाळल्या होत्या. उशाला पाण्याचा तांब्या होता. पाणी टँकरचं नव्हतं.

“हे पिऊ नका, मदिनाबी. हात जोडते.”

त्यांनी माझा हात धरला. “मला आता कुठे हलवू नका, बेटा. त्यांना दमा होता. इतका चढ पुन्हा नाही जमायचा त्यांना.”

मी त्यांना दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले. मदिनाबी आठ-दहा दिवसांत गेल्या.

दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. मी कब्रस्तानाच्या फाटकाशी इतर बायकांबरोबर उभी होते. ऊन कडक होतं. तिथला मुरूम पांढरा, कोरडा, टिकावाला ठिणग्या येतील असा.

माणसं बाहेर पडली. जुनेद सगळ्यांत शेवटी आला. माझ्याजवळ थांबला, पण माझ्याकडे पाहत नव्हता.

“कबरीत उतरून अम्मीला घ्यायला आम्ही दोघंच होतो,” तो म्हणाला. “पायांशी जावेदमामा, डोक्याशी मी.”

“हो.”

“वरून खाली दिली, तेव्हा मी हात पुढे केले. वजन आलंच नाही.”

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. पांढरी धूळ होती, बाकी काही नाही.

“मामांनी घेतलं असेल.”

“मामा पण तेच म्हणाले. तू घेतलंस म्हणाले. मधे कुणीतरी धरली होती, मॅडम. अगदी हळू. लहान मुलाला धरतात तशी.”

त्याच्यामागे कुणीतरी फाटक ओढून घेतलं.

“मग आम्ही तिला खाली ठेवायला गेलो,” जुनेद म्हणाला, “तर सोडेचनात.”