स्टँड धरणारी

अर्विड लुंडग्रेन कुठल्याही खोलीत शिरला की आधी छत बघायचा. छत पांढरं असलं की उजेड परत येतो, निम्मं काम तिथेच होतं. सरोवराकाठच्या डुलुथ शहरातल्या या जहाजविमा कंपनीने दिलेली खोली त्या हिशेबाने बरी होती. आदल्या आठवड्यात येऊन त्याने कागदावर सगळं आखून नेलं होतं: स्टूल भिंतीपासून आठ फुटांवर, कॅमेरा तिपाईवर, फ्लॅश डावीकडून, डोळ्यांच्या जरा वर, आणि त्यावर उजेड मऊ करणारा चार फुटी पांढरा कापडी सॉफ्टबॉक्स. एकतीस माणसं, प्रत्येकी सात मिनिटं. सगळ्यांवर उजेड सारखाच पडायला हवा, मग तो मोठा साहेब असो की दारावरचा रखवालदार.

फ्लॅशचं स्टँड कलंडू नये म्हणून त्याच्या पायांवर त्याने वाळूच्या सहा पिशव्या लादल्या.

"आत वादळ येणार आहे की काय?" ऑफिस सांभाळणारी डार्लीन डोनटचा डबा ठेवत म्हणाली. "सरोवर खिडकीबाहेर आहे हो!"

"सवय आहे," अर्विड म्हणाला.

सवय वर्षभराचीच होती. गेल्या नोव्हेंबरात धक्क्यावर एका कंपनीच्या अध्यक्षांचा फोटो काढायचा होता. वारा सुटलेला. पिशव्या गाडीत, गाडी लांब, आणि अध्यक्ष सारखे घड्याळ बघत होते. "राहू दे, पाच मिनिटांचं तर काम. तू धर नुसतं," तो इल्माला म्हणाला. इल्मा कोस्की अकरा वर्षं त्याची मदतनीस. तिने धरलं. वाऱ्याने सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगवला, तिने हात सोडला नाही, आणि स्टँडसकट ती पाण्यात गेली. पोलिसांना अर्विडने सांगितलं, पिशव्या आणायला मी सांगितलं होतं, तीच विसरली. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही. पण खाई त्याला खवखवे, तसं त्याचं झालं होतं. त्यानंतर एक दिवस त्याचा सुखाने गेला नव्हता.

पहिला माणूस हिशेबखात्यातला होता. फोटो काढून झाल्यावर नेहमीप्रमाणे अर्विडने कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचे डोळे मोठे करून पाहिले. फ्लॅश उडाला की बुबुळात सॉफ्टबॉक्सचा लहानसा पांढरा चौकोन उमटतो. तो उमटला होता. चौकोनाच्या शेजारी एक काळी उभी रेघ होती. कोट अडकवायचा खांब असणार. अर्विडने तो उचलून बाहेर ठेवला.

दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांतही रेघ होती. तिला खांदे होते.

त्याने खिडक्यांचे पडदे ओढले, खुर्च्या हलवल्या, लेन्स पुसली. नवव्या माणसाच्या बुबुळांत इल्मा स्टँडला हात लावून उभी असलेली स्पष्ट दिसली. अर्विडने वळून पाहिलं. स्टँडजवळ कोणीही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा मोकळा हात कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आला होता, तळवा वर करून. ती खरं काय ते मागतेय, हे त्याला कळत होतं.

यादीत एकोणिसावं नाव होतं ए. पेराला. दार उघडून आत आली ती आयनो, इल्माची मुलगी. लग्नानंतरचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं.

"घाबरू नका, अर्विडकाका, रडायला नाही आले," ती स्टुलावर बसत म्हणाली. "सप्टेंबरपासून इथेच आहे मी. हनुवटी कुठे ठेवू तेवढं सांगा."

"जरा खाली. कपाळ पुढे."

"आई पण असंच म्हणायची." ती हसायचा प्रयत्न करत होती. "एक सांगू? त्या दिवशी सकाळी मी तिच्याशी फोनवर भांडले होते. कारण अगदी फालतू. त्यामुळेच तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नाहीतर आई कधी पिशव्या विसरेल?"

एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"होतं असं," अर्विड म्हणाला. "माणूस आहे, विसरतं."

त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर डोळे मोठे केले. दोन्ही बुबुळांत पांढरा चौकोन होता. शेजारी कोणी नव्हतं. स्टँड कोणी धरलेलं नव्हतं.

त्याला हायसं वाटलं.

मग सॉफ्टबॉक्सचं कापड हललं.

खिडक्या बंद होत्या. कापड फुगलं, ताणलं, आणि सहा पिशव्यांसकट स्टँडचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. अर्विडने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं. ओढ सरोवराच्या बाजूला होती. बूट फरशीवरून घसरू लागले.

"काका, काय होतंय?"

"मी आणल्या नव्हत्या पिशव्या!" तो ओरडला. "मीच म्हटलं राहू दे. ती विसरली नव्हती, आयनो. दोनदा म्हणाली मला, घेऊन येते म्हणून. मी खोटं बोललो."

आयनो त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मग तिने मान कॅमेऱ्याकडे वळवली.

फ्लॅश उडाला.

कॅमेरा चार पावलांवर होता, बटण दाबायला तिथे कोणीच नव्हतं. अर्विडचे दोन्ही हात स्टँडवर होते.

कोणी सांगितल्यासारखी आयनोने हनुवटी किंचित खाली घेतली. कपाळ पुढे केलं.

पुन्हा फ्लॅश उडाला.

"झालं?" तिने विचारलं. "जाऊ मी?"

ती कॅमेऱ्याकडे बघून विचारत होती. आईचं उत्तर ऐकल्यासारखी तिने मान हलवली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "बरं."